‘आपण घरचीच माणसं, कागद कशाला?’

‘ताई, घरूनच काम असल्याने आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून वाईला आले. घाटाजवळच्या जुन्या वाड्यात माडी घेतली. भाडं ६,५०० रुपये, डिपॉझिट ३०,०००, सगळं रोख. खाली घरमालकीण काकू एकट्याच. करार करू म्हटलं की म्हणतात, आपण घरचीच माणसं, कागद कशाला? रात्री नऊला दाराला कडी. परवा ऑफिसमधला एक जण लॅपटॉप देऊन तासाभरात गेला, तर दुसऱ्या दिवशी वाणी विचारतो, पाहुणे कोण होते? तापात मात्र तीन दिवस काकूंनीच मऊ भात वर आणून दिला. पुण्याला परत जाऊ का? – माडीवरची’

अगं माडीवरची,

वाण्याचं आधी आटपते. ‘ऑफिसातला होता, लॅपटॉप द्यायला आला होता,’ म्हण आणि साबण माग. चिडलीस तर त्याला आठवडाभराचा विषय मिळेल.

तुला वाटतंय काकू कागद टाळून तुला मुठीत ठेवताहेत. मला वाटतं, त्या घाबरल्यात. १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळातले भाडेकरू उठवता येत नसत आणि भाडंही वाढत नसे. माझ्या आजोळच्या वाड्यात एक कुटुंब अकरा रुपयांवर राहायचं. मामा गेला, खोल्या सुटल्या नाहीत. त्या पिढीच्या मनात ‘सही केली की घर गेलं’ हे पक्कं बसलंय.

आता कायदा वेगळा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. उलट लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहू देण्याचा करार, नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर त्याला भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. म्हणजे कागद तुझ्याइतकाच काकूंना हवा. हे त्यांचा एखादा भाचा-पुतण्या असेल तर त्याच्यादेखत सांग. तुझ्या एकटीच्या तोंडून ते धमकीसारखं वाटेल.

अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन होतो. एजंट घरी येऊन बोटांचे ठसे घेतो, काकूंना ओट्यावरून उठायलाही नको. मुद्रांक शुल्क साधारण पाव टक्का. सगळा खर्च मी करते म्हण. डिपॉझिटचा आकडा त्यात लिहून घे आणि यापुढे भाडं बँकेतून दे.

नऊच्या कडीबद्दल मी काकूंच्या बाजूने आहे. एकटी बाई खालच्या मजल्यावर दार उघडं टाकून झोपणार कशी? कडीच्या जागी कुलूप बसवा, एक किल्ली तुझ्याकडे. कुणी येणार असेल तर आधी कानावर घाल, पण ‘येऊ दे का?’ असं विचारू नकोस.

एवढ्या मोठ्या पत्रात एकाही मैत्रिणीचा उल्लेख नाही, ते मला जास्त खटकलं. हिवाळ्यात घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. तुमच्या आळीची पाळी आली की वाढपाला उभी राहा. पुण्याचं त्यानंतर ठरव.

आणि हो, पावसाळ्यापूर्वी कौलं कोण शाकारणार, तेही करारात लिहून घे. माडीवर गळतं ते तुझ्याच अंथरुणावर.