अमेरिकेत शिकतोय, उन्हाळी ख्रिस्ती प्रशिक्षणासाठी मदतीचं पत्र कसं लिहू?

पत्र एकाच पानाचं ठेवा: कुठे, किती आठवडे, एकूण खर्च, पैसे कधीपर्यंत हवेत. ‘जमेल तेवढं द्या’ असं मोघम लिहू नका; मग प्रार्थना भरपूर मिळतात, पैसे नाहीत. 2,400 डॉलर हवे असतील तर ‘100 देणारे 12, 50 देणारे 24’ असा हिशेब मांडा.

चेक संस्थेच्या नावानेच मागा. तुमच्या नावाने आला, तर देणाऱ्याला करसवलत नाही. तुमचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर असू द्या. 250 डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला सवलतीसाठी संस्थेची लेखी पावती लागते. जाणं रद्द झालं तरी देणगी सहसा परत मिळत नाही, हेही आधीच सांगा.

आठवड्याभराने फोन कराच. नुसती पत्रं फ्रिजवर चिकटून राहतात.