पोटाच्या गोळ्या विचारणारे डॉक्टर

पत्र : वय ६१, राहणार सांगली. वर्षभर दोन्ही हात थरथरतात, चालही मंदावली आहे. तीन मेंदूतज्ज्ञ झाले. पहिले म्हणाले, वयामुळे होतं. दुसऱ्यांनी हातांचं सोडून माझ्या पित्ताच्या कॅप्सूलचीच चौकशी केली. ती तर मी कित्येक दिवस रोज घेते, त्यात काय एवढं! वर म्हणाले, ‘आत्ताच आजाराचं नाव सांगत नाही, तीन महिने बघू.’ तिसऱ्यांनी पाच मिनिटांत पार्किन्सन सांगून औषधं लिहून दिली. एमआरआय नॉर्मल आहे. मुलगा म्हणतो, मुंबईला दाखवू. माझं नीट ऐकून घेणारा डॉक्टर कुठे मिळेल?

उत्तर : ताई, सांगलीतच मिळाला होता की! तुम्ही त्यांना नापास करून घरी आलात.

‘त्यात काय एवढं’ म्हणून जी कॅप्सूल तुम्ही एका ओळीत उडवून लावलीत, तिच्यात काय आहे ते कधी वाचलंत? आपल्याकडे पित्ताच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. ते मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाच्या, कामात आडवं येतं आणि काही जणांना, विशेषतः उतारवयात, थेट पार्किन्सनसारखी थरथर आणि मंदपणा आणतं. चक्करेवरच्या सिनॅरिझिन-फ्लुनारिझिनचं, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. एमआरआय खरा पार्किन्सन असो की गोळीची थरथर, दोन्हीकडे बहुधा नॉर्मलच येतो, म्हणून तो छातीशी धरून बसण्यात अर्थ नाही. औषध थांबवल्यावर हात शांत होतात का, हे पाहावं लागतं आणि त्याला आठवडे, कधी महिने जातात. काहींची थरथर तरीही राहते. म्हणजे बहुतेकदा मुळातला पार्किन्सन त्या औषधाने लवकर उघडा पडलेला असतो. तेव्हा ‘तीन महिने बघू’ ही टाळाटाळ नव्हती हो. तपासणी तीच होती!

तुमचं दुखणं गोळीचंच आहे, असं मी इथे बसून सांगणार नाही. पण तुम्हाला ऐकून घेणारा हवा होता की पटकन नाव सांगणारा? पाच मिनिटांत नाव मिळालं तेही तुम्हाला पटलेलं दिसत नाही, नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतंत? मुलाच्या मायेबद्दल शंका नाही, पण मुंबईचे डॉक्टरही आधी हेच विचारतील. विचारलं नाही, तर उठून या.

याच आठवड्यात कॅप्सूलची चौकशी करणाऱ्या त्या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा. चक्करेची, झोपेची, मैत्रिणीने दिलेलं चूर्णसुद्धा, आणि तिसऱ्यांची चिठ्ठीही. पाकिटाची नावाची बाजू कापून टाकायची सवय असेल तर मेडिकलवाल्याकडून जुनी बिलं काढून घ्या. मनाने काहीही बंद करू नका, सुरूही करू नका. आणि ती कॅप्सूल नेमकी कधीपासून चालू आहे, थरथरीच्या आधी की नंतर, ते यजमानांना विचारून कागदावर लिहून न्या. ‘कित्येक दिवस’ एवढ्यावर त्यांचं भागणार नाही.