वाचक विचारतात : काट्याची केबल आणि २-३ चा घोळ

प्रश्न : आमचा साठ टनी वजनकाटा आहे. जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्याला सिरियल पोर्टच नाही, म्हणून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणला. त्याला ९ पिना आहेत. वायरमनने जुन्या केबलचं कॉम्प्युटरकडचं २५ पिनांचं टोक कापून ९ पिनांचं लावलं. २ ची वायर २ ला, ३ ची ३ ला, ७ ची ७ ला. इंडिकेटरवर वजन दिसतं, स्क्रीनवर काहीच येत नाही. कन्व्हर्टर जळाला असेल का?
– एक काटामालक, सांगली जिल्हा

उत्तर : बहुधा नाही. केबलमधल्या वायरी आपसात टेकल्या तरी पोर्ट जळता कामा नये, अशी अटच आरएस-२३२ च्या, म्हणजे सिरियल पोर्टच्या, मानकात आहे. माणसं वायरी चुकवणार, हे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक असावं.

तुमच्या वायरमनने आकड्याला आकडा जोडला. वरवर बरोबरच वाटतं, पण घोळ तिथेच आहे. कॉम्प्युटरच्या २५ पिनांच्या पोर्टात २ नंबर बोलतो, म्हणजे डेटा पाठवतो, ३ नंबर ऐकतो आणि ७ म्हणजे ग्राउंड. ९ पिनांत उलटं : २ ऐकतो, ३ बोलतो, ग्राउंड ५ वर. तिथली ७ नंबरची पिन आरटीएसची, म्हणजे ‘पाठवू का?’ असं विचारणारी, ग्राउंडशी तिचा काही संबंध नाही. म्हणजे तुमच्याकडे बोलणाऱ्याला बोलणारा जोडलाय, ऐकणाऱ्याला ऐकणारा, आणि ग्राउंड भलतीकडेच.

वायरमनला बोल लावू नका. हीच चूक मी एका साखर कारखान्यावर केली आहे, तीही ऐन गाळपात, रात्री दोन वाजता. ‘दोन बोले, तीन ऐके, सात जमीन’ हे मला तोंडपाठ होतं आणि नवा कॉम्प्युटर ९ पिनांचा निघाला. पाऊण तास मी सोल्डर काढत आणि लावत होतो. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार हमरस्त्याला लागली, क्लार्क वजनं हाताने वहीत लिहीत होता, आणि ड्रायव्हर माझ्या नावाने काय बोलत होते ते इथे छापता येणार नाही. शेवटी मल्टिमीटर बाहेर काढला. तो आधी काढला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

तुम्हीही तेच करा. केबलचं इंडिकेटरकडचं टोक तसंच राहू द्या, कॉम्प्युटरकडचं ९ पिनांचं टोक सोडवून तिन्ही वायरी मोकळ्या करा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी टोचणी ग्राउंडच्या, म्हणजे पूर्वी ७ ला असलेल्या वायरवर. लाल टोचणी उरलेल्या दोघींवर आळीपाळीने. जिच्यावर उणे पाच ते उणे बारा व्होल्ट दिसतील ती इंडिकेटरची बोलणारी वायर. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल तर आकडा स्थिर राहणार नाही, नाचेल; तेही चांगलंच. ही वायर ९ पिनांच्या २ ला लावा, दुसरी ३ ला, ग्राउंड ५ ला. आकडे कनेक्टरच्या प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, तेच भिंगातून वाचा. सोल्डरच्या बाजूने पाहिलं की ओळ आरशासारखी उलटते, अंदाजाने मोजाल तर फसाल.

कन्व्हर्टरची शंका फेडायची तर त्याच्या २ आणि ३ पिना वायरच्या तुकड्याने जोडा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पोर्टावर थेट अक्षरं पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काहीतरी टाइप करा. हँडशेक (पाठवण्याआधी परवानगी मागणं) बंद ठेवा. अक्षरं परत उमटली की कन्व्हर्टर ठीक.

यानंतर स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं आली तर खूश व्हा, वायरिंग जमलं. बॉड रेट (पाठवण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) तेवढी जुळवायची राहिली. जुने इंडिकेटर बरेचदा २४०० वर, ७ बिट आणि इव्हन पॅरिटीने बोलतात, आणि नवं सॉफ्टवेअर ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही असं धरून बसतं. आणि हो, वैधमापनवाल्यांचं सील असलेलं झाकण उघडू नका. हे सगळं काम बाहेरच्या बाहेर होतं.

प्रश्न : काट्याची केबिन आणि ऑफिस यांत अडीचशे मीटर अंतर आहे. तीच केबल लांबवू का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : नको. आरएस-२३२ च्या जुन्या मानकात पन्नास फुटांची, म्हणजे साधारण १५ मीटरची शिफारस होती. कमी वेगात पुढेही चालते, पण अडीचशे मीटरवर मी पैज लावणार नाही. दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे, म्हणजे लांब पल्ल्याच्या सिरियल पद्धतीचे, कन्व्हर्टर बसवा, मधे पीळ दिलेली जोडवायर. ४८५ कमी वेगात १२०० मीटरपर्यंत जातं. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. त्या दोन वायरींच्या जागांवरची ए आणि बी ही अक्षरं मात्र प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने छापते. डेटा आला नाही तर आधी ती जोडी उलटी करून बघा, काही बिघडत नाही.

प्रश्न : ९ पिनांच्या कनेक्टरला डीबी-९ म्हणायचं की डीई-९?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : परीक्षेत डीई-९. डी या अक्षराच्या आकाराचे हे कनेक्टर कॅनन कंपनीने १९५२ मध्ये आणले. दुसरं अक्षर कवचाचा आकार सांगतं : बी म्हणजे २५ पिनांचं कवच, ई म्हणजे ९ पिनांचं. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीने सिरियलला ९ पिना दिल्या आणि जुनं ‘डीबी’ तोंडात तसंच राहिलं. दुकानात मात्र डीबी-९ च मागा.