ओडीचं रिन्यूअल बँकेत अडकलं आणि चार्जेस मात्र आपल्या माथी

ताई, तुमची पोस्ट वाचून डोकं परत तापलं. डिचोलीतलं तुमचं दुकान, ओडीच्या (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत खात्यातून उचलता येणारं कर्ज) रिन्यूअलचे, म्हणजे मुदत वाढवण्याचे, कागद वेळेत दिलेले, तरी लिमिट संपलेली दाखवतेय, खात्यातून तीन वेगवेगळ्या नावांनी पैसे गेले आणि मॅनेजर म्हणतात "सिस्टम आपोआप कापते, आमच्या हातात काही नाही". हेच वाक्य मला 2022च्या पावसाळ्यात ऐकवलेलं आहे.

माझं फोंड्याला हार्डवेअरचं दुकान. आपल्याकडे या धंद्यात एप्रिल-मे मध्ये ताडपत्री, पत्रे, पाइप, वॉटरप्रूफिंगचा माल भरावाच लागतो, मग चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, रंगाचा. म्हणजे ओडी सगळ्यात जास्त ओढलेली असते मे अखेरीला आणि रिन्यूअलची तारीखही नेमकी तेव्हाच. कागद मी वेळेआधी दिले होते. "होऊन जाईल, तुम्ही जुने कस्टमर" म्हणत फाइल ठेवून घेतली, पोच मागितली तर तशी पद्धत नाही म्हणाले. मग त्या ऑफिसरची बदली. नवीन आलेल्यांना फाइल सापडेना, सापडली तेव्हा म्हणे वर पाठवलीय, वरचे म्हणतात आमच्याकडे आलीच नाही. एवढ्यात तारीख उलटली. तारीख उलटली की कॉम्प्युटरच्या लेखी लिमिट शून्य, म्हणजे उचललेली सगळी रक्कम लिमिटबाहेरची आणि त्या सगळ्यावर दंड. त्यात रंगाच्या डीलरला दिलेला चेक परत गेला, त्याचा रिटर्न चार्ज, वर जीएसटी, आणि त्या माणसाने चवथ होऊन गेली तरी उधारीवर माल दिला नाही. चार्जेसचे पैसे एकवेळ सोडून देईन, पण ऐन सीझनला रंगाचं कपाट रिकामं राहिलं त्याची भरपाई कोण देणार? फाइल कोणाच्या टेबलावर पडून होती हे आजपर्यंत एकानेही मला सांगितलेलं नाही.

म्हणून तोंडी बोलणं आजपासून बंद करा. शाखेच्या ईमेलवर लिहा की अमुक तारखेला हे हे कागद दिले, रिन्यूअल का अडलंय ते लेखी कळवा. त्याचीच प्रिंट काउंटरला देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणखी काही अपुरं आहे म्हणाले तर तेही ईमेलवर मागवा, नाहीतर महिनाभराने नवीन कागद निघतो.

आता चार्जेस. स्टेटमेंट घेऊन बसा आणि तिन्ही ओळी वेगळ्या काढा, कारण तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. लिमिट उलटल्याचा दंड ही पहिली. माझ्या वेळी तो व्याजातच मिसळायचे आणि पुढच्या महिन्यात त्यावर परत व्याज. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने ते बंद केलं. नव्या कर्जांना 1 एप्रिल 2024 पासून आणि जुन्यांना 30 जून 2024 पर्यंत लागू झालं. दंड व्याजदरात मिसळायचा नाही, त्यावर व्याज लावायचं नाही, आणि लावला की का लावला तेही ग्राहकाला कळवायचं. तुम्हाला कळवलं होतं का? नसेल तर तक्रारीतला पहिला मुद्दा हाच. शिवाय कर्जाच्या अटी मोडल्याच्या दंडावर जीएसटी नाही हे सरकारने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय, तेव्हा त्या ओळीखाली 18 टक्के दिसले तर तेही परत मागा. दुसरी ओळ चेक परत गेल्याच्या दंडाची, त्यावरही जीएसटी नाही हे सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केलंय. तिसरी रिन्यूअलची प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी लागतो, तिथे वाद घालून वेळ घालवू नका. पण रिन्यूअल झालंच नाही आणि फी कापली असेल तर विचारा, कशाची कापली?

बँकेला लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. ऑनलाइन होतं, फी नाही, वकील लागत नाही, शंका असेल तर 14448 वर फोन करा. माझी तक्रार तिथे नोंदली गेल्यावर बँकेने आपणहून फोन करून दंडाचा बराचसा भाग उलटा जमा केला, चेक रिटर्नचा नाही. तुमचं खाते पतसंस्थेत असेल तर मात्र हा मार्ग नाही, तिथे सहकारी संस्था निबंधकांकडे जावं लागतं. मी सीए नाही, तुमचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) मी बघितलेलं नाही, तेव्हा एकदा तुमच्या सीएला दाखवा.

खाते बंद करून दुसरीकडे जाऊ का विचारलंत. माझं मत, आत्ता नको. भांडण चालू असताना तारण सोडवायला गेलात तर ते पण रखडवतील, आधी रिन्यूअल करून घ्या, मग शांतपणे शोधा. आणि "एक पॉलिसी घेतलीत तर काम लवकर होईल" असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. मला म्हणाले होते. ओडीचा आणि विम्याचा काय संबंध?

ओडीचं व्याज रोजच्या बाकीवर लागतं म्हणून गल्ला त्याच दिवशी भरा, यूपीआयचा क्यूआर सेव्हिंगला जोडलेला असेल तर ओडी खात्याला जोडून घ्या, व्याजात फरक पडतो.

तुमचं सेव्हिंग खातं मिनिमम बॅलन्सच्या चार्जमुळे मायनसमध्ये गेलंय म्हणालात, ते तर चालतच नाही. नुसत्या त्या दंडामुळे सेव्हिंगची बाकी उणे होता कामा नये, हा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. आधी कळवून भरायला महिनाभर द्यावा लागतो, तेही त्याच नियमात आहे. या खात्यासाठी वेगळं पत्र द्या, ओडीच्या तक्रारीत मिसळू नका, दोन विषय एकत्र दिले की एकाचंच उत्तर देऊन फाइल बंद करतात.