मिसरी ‘लागली’ आणि मिसरी ‘लागते’

पलूसजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: शेजारच्या नव्या सुनेनं दाढ दुखते म्हणून पहिल्यांदाच मिसरी लावली, तर तिला घाम फुटला, मळमळलं, चक्कर आली. सासूबाई म्हणाल्या, “हिला मिसरी लागली.” आणि त्याच सासूबाई रोज म्हणतात, “मला दोन टायमाला मिसरी लागतीच.” ही दोन्ही ‘लागणे’ एकच का? आणि लिहिताना पहिल्या ठिकाणी ‘बाधली’ करावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, करू नये. बाधतं ते पोटात जाऊन, सावकाश. रात्रीचं वांगं सकाळी बाधतं. तंबाखू, ओली सुपारी ही जागच्या जागी लागतात. शरीरातही तसंच घडतं. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून पूड केलेली तंबाखू. भाजल्यानं तिच्यातलं निकोटिन संपत नाही. हिरड्यांतून ते थेट रक्तात शिरतं आणि यकृताच्या वाटेला न जाता हृदयाकडे, तिथून मेंदूकडे पोचतं. तेच गिळलं असतं तर बराचसा भाग यकृतानं आधीच मोडून टाकला असता. मळलेल्या तंबाखूत चुना घालतात तो काही नुसता चवीसाठी नव्हे. चुन्यानं तोंडातली आम्लता कमी होते, निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार निघून जातो, आणि असा भार नसलेला रेणू तोंडाच्या नाजूक अस्तरातून चटकन पार होतो. (तंबाखू ‘कडू लागते’ हे चवीचं ‘लागणे’ तिसरंच; त्यात आत्ता शिरत नाही.)

मेंदूला रक्तापासून जपणारा एक अडसर असतो, निकोटिन तोही सहज ओलांडतं. शिवाय लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या बुडाशी, एक इवलासा भाग असा आहे की तिथे हा अडसर मुद्दामच सैल आहे, कारण रक्तात विष आलं का ते हुंगून उलटी करवणं हेच त्याचं काम. सूनबाईंच्या मळमळीत त्याचा मोठा वाटा. निकोटिन हे ॲसिटिलकोलिन या आपल्याच शरीरातल्या निरोप्याची नक्कल करतं, म्हणून काळीज धडधडणं, घाम, गरगरणं असं सगळं एकदम सुरू होतं. सुपारीतलं अरेकोलिनही त्याच निरोप्याची नक्कल करतं, फक्त वेगळ्या जातीच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागांवर. तंबाखू आणि सुपारी या दोघींनाच आपण ‘लागली’ म्हणतो आणि दोघींचा मूळ निरोप्याही एकच निघतो, याची मला मोठी मौज वाटते. योगायोग म्हणा हवं तर.

आता पहिला प्रश्न. ‘लागणे’चा मूळ अर्थ स्पर्श होणे, चिकटणे, संस्कृत ‘लग्’ धातूचा. त्याला दोन फांद्या फुटल्या. स्पर्शानं इजा झाली तर ठेच लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते. चिकटून राहिलं, त्यावाचून चालेना, तर चष्मा लागतो, महिन्याला पायलीभर ज्वारी लागते. बहुतेक वस्तू यांतल्या एकाच फांदीवर बसतात. तंबाखू दोन्हींवर बसते. शब्द एकच, अर्थ दोन. ओळखण्याची खूण अशी की गरजेच्या ‘लागणे’ला माप जोडता येतं: दोन चिमटी लागतात, दोन टायमाला लागते. इजेच्या ‘लागणे’ला जोडता येत नाही. “लागेल हां!” हा इशारा, आणि “प्रवासात लागेल, चंचीत घे” ही तजवीज.

दोन्हींकडे ‘मला’ येतं, तेही बघा. ‘मी मिसरी लावते’ यात कर्ता मी. ‘मला मिसरी लागते’ म्हटलं की कर्तेपण मिसरीकडे गेलं.

एका अर्थाकडून दुसऱ्याकडे जाताना मेंदूत काय होतं तेही कळलेलं आहे. रोज निकोटिन मिळालं की ॲसिटिलकोलिनचे ते ग्राही बधिर होतात, उलटीचा इशारा मंदावतो. बधिर ग्राहींची भरपाई म्हणून मेंदू आणखी ग्राही तयार करतो. दर खेपेला डोपामिनही स्रवतं, ‘पुन्हा कर’ अशी शिकवण देणारं. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर २ तासांनी निम्मं होतं, त्यामुळे रात्रभरात ते जवळजवळ संपतं आणि पहाटे वाढीव संख्येनं जागे झालेले ग्राही रिकामे असतात. सासूबाई चहाआधी डबी शोधतात ती यामुळे.

दारूला मात्र ‘लागली’ म्हणत नाहीत, ती चढते. ताप, पारा, राग यांसारखी पायरीपायरीनं चढते आणि उतरते. थोडी जठरातून, बरीचशी लहान आतड्यातून रक्तात जाते. पोट भरलेलं असेल तर आणखी सावकाश. उतरते ती यकृताच्या ठरलेल्या गतीनं, लिंबू पिळा की ताक पाजा. खाल्लेली भांग चढायला तास-दीड तासही लागतो (हे चौथं ‘लागणे’), आणि यकृत तिच्यातल्या मुख्य द्रव्याचं तितकंच जोमदार दुसरं द्रव्य करतं, म्हणून ती लवकर उतरतही नाही.

तेव्हा बाई, मुलांच्या वहीत ‘मिसरी लागली’ आलं तर लाल शाई नको. ‘लागतीच’ला प्रमाण लेखनात ‘लागतेच’ करा. पण वाक्य सासूबाईंच्या तोंडचं असेल तर तेही तसंच राहू द्या.