विषाणूचं आवरण: उसनं, तरी वेगळं

प्रश्न : विषाणू स्वतः लिपिड (पटलं बनवणारे स्निग्ध पदार्थ) बनवत नाही, आवरण पेशीकडूनच घेतो. मग एचआयव्हीच्या आवरणातली लिपिडं पेशीतल्या लिपिडांहून वेगळी कशी? एम.एस्सी.च्या प्रकल्पात ही तुलना कशी करावी?

उत्तर : आधी तुलना कशाशी करताय ते ठरवा. अख्ख्या पेशीतून लिपिड काढलं की अंतर्द्रव्यजालिका (ईआर), तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) अशा पेशीतल्या सगळ्या अंगकांची पटलं एकत्र येतात. जालिकेच्या लिपिडांत कोलेस्टेरॉल जेमतेम ५ टक्के, पेशीच्या बाह्य पटलात ३० ते ४०. एचआयव्ही बाह्य पटलातून सुटतो, म्हणून त्याची तुलना त्याच पेशींच्या वेगळ्या केलेल्या बाह्य पटलाशीच हवी. कोरोनाविषाणू जालिका आणि गॉल्गी (पेशीतलं आणखी एक अंगक) यांच्या मधल्या कप्प्यात आवरण घेतो. त्याच्यात कोलेस्टेरॉल कमी दिसलं तर नवल नाही.

योग्य तुलनेतही एचआयव्हीत स्फिंगोमायलीन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फॅटिडिलसेरीन ही लिपिडं जास्त आणि फॉस्फॅटिडिलकोलीन हे लिपिड कमी मिळतं. याचं बरंचसं श्रेय गॅग या विषाणूचा कण उभारणाऱ्या प्रथिनाला जातं. त्याच्या टोकाला मिरिस्टेट हे मेदाम्ल असतं आणि गॅग पटलाच्या आतल्या थरातल्या पीआयपी-२ या लिपिडाला चिकटतं, त्यामुळे कण पटलातून सुटण्याची जागा निवडली जाते. पण हा सर्वांचा नियम नव्हे: सेमलिकी फॉरेस्ट विषाणूचं आवरण बाह्य पटलाशी बरंच जुळतं.

कॉलेजात एचआयव्ही वाढवता येणार नाही. नुसतं गॅग बनवणाऱ्या पेशींतूनही विषाणूसदृश कण सुटतात, ते वापरा. खरी डोकेदुखी शुद्धीकरणाची आहे. सुक्रोजच्या घनता-स्तंभात हे कण १.१६ ते १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटरला थांबतात, आणि पेशींनी सोडलेली एक्सोसोम, म्हणजे पटलाच्या सूक्ष्म पिशव्याही, तिथेच आसपास. सुक्रोजऐवजी आयोडिक्सॅनॉल या द्रव्याचा स्तंभ त्यांना बऱ्यापैकी वेगळं करतो. गॅग नसलेल्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या ते माध्यमही त्याच रीतीने चालवा. त्यातही लिपिड निघालं तर तुमचा नमुना शुद्ध नाही. माध्यमात घातलेल्या सीरममधली लायपोप्रोटीन (लिपिड वाहणारे कण) ही कोलेस्टेरॉल फुगवतात.

लिपिड काढताना क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल, पाणी १:२:०.८ घ्या, मग २:२:१.८ करून थर वेगळे करा. लिपिड खालच्या थरात. अंतर्गत मानकं, म्हणजे मोजमापासाठी ठरावीक मात्रेत घातलेली लिपिडं, काढणीच्या आधीच घाला, नंतर घातली तर वाया गेलेलं लिपिड हिशेबात येत नाही. काचेचीच भांडी वापरा, क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधली द्रव्यं ओढून आणतो. आम्ल टाळा, त्याने प्लाझमॅलोजेन ही लिपिडं तुटतात आणि विषाणूत तेच कमी असल्याचा भास होतो. कोलेस्टेरॉल मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नीट आयनित होत नाही, त्याचं आधी ॲसिटिलीकरण करून (ॲसिटिल गट जोडून) घ्या.

प्रश्न : आवरणातलं कोलेस्टेरॉल काढलं तर विषाणू निकामी होतो का?

उत्तर : एचआयव्हीची संसर्गक्षमता खूप घटते. मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या कोलेस्टेरॉल ओढून घेणाऱ्या द्रव्याने ते काढता येतं. मात्रा जास्त झाली तर आवरणाला भोकं पडून आतली प्रथिनं गळतात. हे द्रव्य पेशींच्या पटलातलंही कोलेस्टेरॉल खेचतं, म्हणून विषाणू पेशींवर टाकण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर परिणाम नेमका कोणावर झाला ते कळणार नाही. आणि कोलेस्टेरॉल परत घालून क्षमता परतते का हेही तपासा. ही पायरी सर्रास गाळली जाते.