शेवटचे चाळीस मैल

पुणे, एप्रिलअखेर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

मालवणहून पाठवलेला तुझा निरोप काल रात्री वाचला. बोट ठीक, तुम्ही दोघं ठीक, एवढं वाचून जीव भांड्यात पडला. शेवटी तू लिहिलंयस, "काकू, आता काय, संपलंच." हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितेय.

संपलं असं कोणाला वाटतंय? तुला, त्याला, की दोघांना? कोची ते मुंबई सहाशेच्या आसपास सागरी मैल, त्यातले दोन तृतीयांश मागे पडले, हे नकाशावर दिसतं. मनातलं दिसत नाही. नवरा-बायकोच दोघं बोटीवर असतात तेव्हा बहुतेक वेळा एकाचा प्रवास आधी संपतो. त्याचं शरीर सुकाणूवर असतं आणि मन कोथरूडच्या घरात पंखा लावून झोपलेलं असतं. दुसरा अजून समुद्रावरच असतो आणि घरी पोचल्यावरही कित्येक दिवस तिथेच राहतो. तुम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, ठरवून संपवा. बाकीचं जे लिहिणार आहे ते एवढ्याचसाठी.

आधी वारा. जानेवारीत दक्षिणेला जाताना वायव्येचा वारा पाठीशी होता. आता तोच तोंडावर आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तो चांगलाच चढतो. त्याच्याशी झुंजत वर येण्यात शिडं फाटतात, डिझेल जळतं आणि माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. तुमचा खरा सोबती मतलई. रात्री उशिरा जमिनीवरून सुटतो आणि सकाळी आठ-नऊपर्यंत साथ देतो. पहाटे चारला नांगर उचला आणि दुपार चढायच्या आत पुढच्या बंदरात शिरा. मालवणहून विजयदुर्ग तीसेक मैल, एका सकाळचं काम. तिथल्यासारखा आसरा या किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी आहे, वाटलं तर दोन दिवस थांबा. पुढे रत्नागिरी, जयगड, हर्णै, दिघी. जयगडला खाडीत थोडं आत जा, तोंडाशी वायव्येची लाट थेट येते. खाड्यांच्या तोंडांशी ओहोटी आणि समोरून वारा असा योग आला की लाटा उंच उभ्या राहतात, हे तुला माहीत आहे. थकलेल्या माणसाला ते आठवत नाही म्हणून पुन्हा लिहिलं.

आता तारखेबद्दल. तुझ्या सासूबाई परवा भेटल्या होत्या. त्यांनी सत्यनारायणाचा रविवार नक्की केलाय, गुरुजींना सांगितलंय, केळीचे खांबही ठरलेत. माया आहे ती. पण त्यांना आजच फोन करून सांग की पूजा तुम्ही घरी आल्यावर ठरवू. सत्यनारायणाला मुहूर्त लागत नाही, आणि समुद्रावरच्या माणसाला पक्की तारीख देण्याइतकं धोक्याचं काही नाही. त्याच्या ऑफिसलाही तो रविवारपर्यंत येतो, सोमवारी हजर, असं काही कळवायला लावू नकोस. एका सोमवारसाठी लोक रात्री निघतात, वारा बघून न बघितल्यासारखं करतात.

मोसमाची तारीख मात्र खरी आहे, ती पाळायचीच. किनारपट्टीवर १ जूनपासून मासेमारी बंद होते ती उगाच नव्हे. अलीकडे तर मे महिन्याचाही भरवसा राहिलेला नाही. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग अलिबागजवळ जमिनीवर आलं, तेव्हा इथे पुण्यातसुद्धा झाडं पडली होती. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोट पाण्याबाहेर हवी. त्या मर्यादेच्या आत जितके दिवस मिळतील तेवढे सगळे तुमचे.

दिघी ते मुंबई चाळीसेक मैल. शेवटचा टप्पा. इथे फार नीट ऐक.

राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आतल्या बाजूला, आदल्या दिवशी दुपारीच येऊन थांबा. पोटभर जेवा, झोपा. पहाटे अंधारात निघायचा मोह आवरा, थोडं उजाडू द्या. मुरूडपासून वर रायगडच्या पाण्यात डोलजाळी लावलेली असतात. पाण्याची ओढ जोरात असली की त्यांची तरंगती पिंपं अर्धी पाण्याखाली जातात आणि अंधारात काही म्हणता काही दिसत नाही. बोटीच्या पंख्यात दोर गुंतला तर घरापासून तीस मैलांवर एकाला पाण्यात उतरावं लागेल. तशी वेळ आलीच तर उतरणारा दोराने बांधलेला हवा, इंजिन बंद आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. चौलचा कडू खडक आणि थळचा खडकाळ पट्टा यांना लांबून वळसा घाला. त्या भागात किनाऱ्याजवळून जाऊन वाचलेला अर्धा तास कोणाच्या कामाचा नसतो. खांदेरीचं दीपगृह उजवीकडे घेऊन पुढे गेलात की मार्ग हळूहळू पूर्वेकडे वळतो आणि दुपारचा तोच वायव्य वारा कुशीवर येतो. इतके दिवस ज्याच्याशी भांडलात तो तिथून मदतीला लागतो. इंजिन बंद करा आणि शिडावर आत या. भरतीची वेळ आधी बघून ठेवलीत तर ओढही तुम्हाला आत घेईल. प्राँग्जच्या दीपगृहाच्या आसपास मोठी जहाजं असतात. कंटेनर घेऊन जाणाऱ्या जहाजाला त्याच्या अरुंद वाटेतून वळता येत नाही, वळायचं तुम्हीच, आणि वेळेवर. रेडिओ चॅनल १६ वर चालू राहू दे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असेलच, नसेल तर आत्ता घाल.

हे सगळं तुला येतं. तुमच्या बोटीने वेंगुर्ल्याचे खडक रात्रीत पार केलेत. मला काळजी कौशल्याची नाही, संपलंय असं वाटणाऱ्या मनाची आहे. असं मन पहाऱ्याच्या पाळीवर उभं राहिलं की होकायंत्राकडे बघतं आणि आकडा वाचत नाही. म्हणून विजयदुर्गला बसून एकमेकांना विचारा: तुझं कुठे पोचलंय? ज्याचं घरी पोचलंय त्याने ते सरळ सांगावं. त्यात कमीपणा काही नाही. मग त्याची पाळी दोन तासांची करा, दुसऱ्याने तीन घ्यावेत, आणि सकाळी निघायचं की नाही हे जो अजून समुद्रावर आहे त्याने ठरवावं.

रूपा आणि दिलना या नौदलाच्या दोघी ‘तारिणी’वरून पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या. जवळजवळ आठ महिने, बोटीवर दोघीच. मी ती बातमी पुनःपुन्हा वाचली. दोन माणसांची बोट म्हणजे एक झोपलेला असताना दुसऱ्याच्या हातात त्याचा जीव असतो, आणि हे रोज, अनेकदा. तुम्ही दोघं कित्येक आठवडे तसेच राहिलात. त्या दोघींच्या स्वागताला संरक्षणमंत्री होते. तुमच्यासाठी अपोलो बंदरावर बँड वाजणार नाही, फुगे-चणे विकणारे असतील आणि एलिफंटाच्या लाँचसाठी रांग. म्हणून शेवट तुम्हालाच करावा लागेल, आणि तो कसा करायचा हे मला अगदी ठामपणे सांगायचंय.

बोया (बोट बांधायचा तरंगता खुंटा) धरला की त्या दिवशी जमिनीवर उतरायचं नाही.

घरच्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ द्या. आईबाबा रडतील, सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन मुंबईला यायला निघतील, त्यांना गोड बोलून थांबव. ती एक रात्र तुमची. शिडं गुंडाळा, दोर वळवून ठेवा, लॉगबुकात शेवटची नोंद दोघांनी आपापल्या अक्षरात करा. उरलेल्या तांदळाचा भात करा. त्या रात्री कोणाचीच पाळी नसेल. दोघंही एकाच वेळी झोपाल, बहुतेक नीट झोप लागणार नाही, तरीही. आमच्या सफरीच्या शेवटी हे घडलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा धक्क्यावर सगळं गणगोत उभं होतं, पेढे होते, तासाभरात गाडीत बसून घाट चढत होतो. कोणाचंच चुकलं नाही त्यात. पण नंतर कितीतरी महिने हे रोज संध्याकाळी फोनवर रत्नागिरीचा वारा बघत बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, सहज. मी तोवर घरात पूर्ण परतले होते, गच्चीवरची रोपं, पाण्याची वेळ, सगळं हातात घेतलं होतं. आम्ही दोघं एकाच घरात होतो आणि एकजण अजून जयगडच्या आसपास.

पोचल्याचं कळवायला विसरू नका. निघताना ज्या ज्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे नावं दिलीत तिथे सुखरूप पोचल्याचंही सांगा, आणि तुमच्या वाटेवर लक्ष ठेवून बसलेल्या प्रत्येकालाही. तुम्ही घरी जेवत असताना कोणीतरी शोध सुरू करायला नको.

बोटीचं काम एक आठवडा खाईल. घाईने उरकू नका आणि सगळं यार्डावर सोडूनही येऊ नका. इंजिनातून गोडं पाणी फिरवा. डिझेलची टाकी पूर्ण भरून ठेवा, रिकाम्या टाकीत पावसाळ्यात दव धरतं. पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र रिकामी. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून तारा सोडवा. गॅस सिलिंडर उतरवा. आतली सगळी कपाटं आणि फळ्या उघड्या ठेवा, नाहीतर श्रावणात उघडाल तेव्हा गाद्यांना बुरशी. डोलकाठीच्या तारांची टोकं भिंगाने बघा, तिथे केसासारखी चीर असू शकते. शिडं पुण्याला घेऊन या. कोकणातल्या पावसाळी दमटपणात त्यांना बुरशी धरते, इथली हवा त्यांना मानवते. सोसायटीच्या गच्चीवर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, वाळली की सैलसर घडी घालून माळ्यावर. मेमध्ये टँकर चालू असतील, तेव्हा सेक्रेटरीला आधी विचार.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस जमीन हलल्यासारखी वाटेल. लक्ष्मी रोडवर चालताना एखाद्या दुकानाचा खांब धरावासा वाटेल. त्याने घाबरू नकोस, कान आणि डोळे पुन्हा जमिनीला सरावतायत. महिनाभरात गेलं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखव. रात्री दोनला जागही येत राहील, कारण दोन म्हणजे तुझी पाळी. तेव्हा शेजारी बघ, तोही जागा असण्याची शक्यता बरीच आहे.

बोटीवर पाळी सोपवताना तुम्ही काय बोलायचात? वारा कुठून, उजवीकडे दोन होड्या, इंजिनचा आवाज जरा वेगळा, मी थकलेय. चार वाक्यं, त्यात काही लपवलेलं नसायचं, कारण लपवणं परवडणारं नव्हतं. पुण्यात ते सगळ्यात आधी जातं. तो सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, तू तुझ्या वर्गात, संध्याकाळी दोघं आपापल्या फोनवर. रात्री जेवणं झाल्यावर ती चार वाक्यं बोलायची सवय मोडू देऊ नका. आज काय झालं, उद्या काय येतंय, काय वेगळं वाजतंय, कोण थकलंय. आमच्याकडे हे उशिरा सुरू झालं, आणि त्यानंतर ह्यांनी एका रात्री सांगितलं की त्यांना आणखी पुढे जायचं होतं, लक्षद्वीपला. मला ते कधी जाणवलंच नव्हतं.

बोट विकायची का, पुढच्या वर्षी कुठे, मूल कधी, नोकरी बदलायची का, यातलं काहीही गणपती होईपर्यंत ठरवू नका. मेमध्ये थकवा बोलतो आणि जूनमध्ये आठवण. एकाला पुन्हा जायचं असेल आणि दुसऱ्याला पुरे झालं असेल, तर तेही चालतं. ते उघड असलं की झालं. आपल्या ओळखीतल्या एका जोडप्याने बोट ठेवली, पण आता तो भावाबरोबर जातो आणि ती गोव्याला रेल्वेने जाऊन त्यांना भेटते. छान चाललंय त्यांचं.

एक देणं राहील. वेंगुर्ल्याच्या ज्या तांडेलाने रात्री होडी आणून तुम्हाला खडकातली वाट दाखवली, हर्णैला ज्या बाई मासळी देऊन पैसे घेत नाहीत (तुलाही देतील, बघ), त्यांचे फोटो घरी आल्यावर छापून पोस्टाने पाठव. फोनवरचा फोटो हरवतो, भिंतीवरचा राहतो. नारळी पौर्णिमेच्या आत पोचायला हवेत, त्यानंतर ती माणसं समुद्रावर जातात.

दिघीला नांगर टाकलात की मला कळव, म्हणजे मी दुसऱ्या दिवसाची मुंबईची भरती काढून ठेवते आणि तुझ्या सासूबाईंशी पुन्हा एकदा बोलते. त्याला सांग, ह्यांची जुनी डायरी माझ्याकडे आहे. जयगड ते दिघीमधल्या नांगरायच्या जागा त्यात हाताने काढल्यात. हवी असतील तर आज रात्रीच पानांचे फोटो पाठवते.

तुझी,
काकू